सोमवारी सातचा पाढा

(गोव्यात डिचोली तालुक्यातल्या एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत निवृत्त प्राथमिक शिक्षिकेने केलेले भाषण. ध्वनिमुद्रणावरून शब्दांकन करताना थोडी काटछाट केली आहे.)

अध्यक्ष, वाचनालयाची मंडळी आणि शेजारच्या गावात जत्रा असूनही इथे आलेले सगळे, तुम्हाला नमस्कार. तिथलं नाटक अकराच्या आधी सुरू होत नाही हे मला ठाऊक आहे. त्यामुळे माझ्यासाठी कोण आलंय आणि वेळ काढायला कोण आलंय, ते मी विचारत नाही.

मागे फलकावर विषय लिहिलाय, ‘महामारीनंतरचे प्राथमिक शिक्षण : दिशा आणि उपाय’. हा विषय माझा नाही. मला फोन आला तेव्हा मी म्हटलं, मी पाढ्यांवर बोलेन. पलीकडे जरा शांतता. मग म्हणाले, बाई, पाढ्यांवर माणसं कशी येणार? मी म्हटलं, मग तुम्हाला हवा तो विषय लिहा, मी पाढ्यांवरून तिथवर येते. तर आज तसंच करायचंय. दिशा आणि उपाय शेवटी आहेत, घाबरू नका.

मी सत्तरी तालुक्यात एकशिक्षकी शाळेत होते. एक खोली, चार इयत्ता, एक फळा आणि एक बाई. इथल्या अर्ध्या लोकांना हे सांगायला नको, तुम्ही अशाच शाळेत शिकलात. गोवा मुक्तीनंतर पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात गावोगाव मराठी शाळा निघाल्या, त्यातलीच ती. मार्च २०२० मध्ये पट होता १४. पहिलीत तीन, दुसरीत चार, तिसरीत तीन, चौथीत चार.

शनिवार, १४ मार्च. सकाळची शाळा. फळ्यावर डाव्या कोपऱ्यात तारीख, खाली ‘पट १४, हजर १२’. एकाला ताप होता, एक शिगम्याला मामाकडे गेला होता. बचतगटाच्या बायकांनी पाव-भाजी आणली, मुलांनी खाल्ली, हात धुतले. सुटताना मी ओरडून सांगितलं, “सोमवारी सातचा पाढा! सगळ्यांनी!” मुलांनी “होऽऽ बाई” केलं आणि पळाली. त्याच दिवशी सरकारने जाहीर केलं की शाळा ३१ मार्चपर्यंत बंद. निरोप द्यायचा असतो हे दोन्हीकडे कुणाला माहीत नव्हतं.

बरं, आमच्या भागाला १६ मार्च तसाही लाभत नाही. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर खाणी थांबल्या त्या १६ मार्चपासून. माझ्या वर्गातल्या पाच मुलांचे वडील ट्रकवर होते. दोन वर्षांनी बरोबर त्याच तारखेला पोरांची शाळा थांबली. वडील घरी होतेच, आता मुलंही घरी. एका आईने मला म्हटलं, “बाई, आता मीच तेवढी बाहेर जायची राहिलेय.” ती पिसुर्ल्याच्या औद्योगिक वसाहतीत पॅकिंगला जायची. पुढे तेही बंद पडलं.

एप्रिलमध्ये घरोघरी आरोग्य सर्वेक्षण झालं, तेव्हा आम्हा शिक्षकांनाही पाठवलं. हातात यादी, तोंडाला मास्क. ताप आहे का, खोकला आहे का, बाहेरून कोण आलंय का. एका दारात दुसरीतला मुलगा मला बघून आत पळाला आणि खिडकीतून म्हणाला, “बाई, पाढा विचारायला आलात?” मी म्हटलं नाही रे, ताप विचारायला आले. तो म्हणाला, “मग ताप नाही.” आणि खिडकी लावून घेतली. सर्वेक्षणाच्या रकान्यात मी ‘ताप नाही’ लिहिलं. पाढ्याचा रकाना नव्हता.

या मुलाला लक्षात ठेवा. त्याचं नाव सांगत नाही. त्याला आपण खिडकीवाला म्हणू.

जूनमध्ये नवं वर्ष सुरू झालं. चौथी गेली, पहिलीत तीन नवी नावं आली, आणि त्या तिघांना मी पाहिलंसुद्धा नव्हतं. तेरा मुलं, नऊ घरं, सात फोन. सातातले चार दिवसभर वडिलांबरोबर बाहेर. म्हणजे खरी शाळा संध्याकाळी सातनंतर, तीही बॅटरी असेल तर, आणि रेंज असेल तर. आमच्या गावात रेंज एका आंब्याखाली येते. लोक त्याला ‘रेंजीचो आंबो’ म्हणायला लागले. पूर्वी त्याला साधं ‘घोटां’चं, म्हणजे रायवळ आंब्याचं, झाड म्हणायचे. जुलैच्या पावसात छत्री धरून त्या आंब्याखाली उभी असलेली मुलं मी पाहिलीत. पुढे त्यांचे फोटो छापून आले, की बघा, शिकण्याची केवढी ओढ! ओढ कसली, घरी बसून कंटाळली होती आणि आंब्याखाली मित्र भेटत होते. मला विचाराल तर त्या दोन वर्षांत आमच्याकडची खरी शाळा तो आंबाच होता.

आता पाढा. मी ठरवलं की व्हिडिओ कॉलवर सगळ्यांनी मिळून पाढा म्हणायचा. सोपं आहे ना? मी म्हटलं, “बे एकं बे.” तिकडून “बे” आलं, मग “एकं”, मग आणखी एक “बे”, मग कुणाचं तरी “दुणे चार”, मग कोंबडा, मग “बाई, आयकूंक येना”. मी थांबले तर मुलं थांबेनात. मी पुढे गेले तर मागचं मागूनच येत राहिलं. देवळात आरतीला सगळ्यांच्या झांजा वेगवेगळ्या पडल्या तर कसं वाटेल, तसं. आणि मधूनच सगळे गप्प, एकाच मुलीचा आवाज मोठ्याने. नंतर माझ्या भाच्याने सांगितलं की ते ॲप असंच असतं. ज्याचा आवाज मोठा त्याला ते पुढे करतं, बाकीच्यांना गोंगाट समजून दाबतं. मी म्हटलं, म्हणजे मी तीस वर्षं ज्याला वर्ग म्हणत होते, त्याला हे यंत्र गोंगाट म्हणतं.

भाचा अभियंता आहे, त्याने हिशेब करून दिला. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. माझा वर्ग वीस फुटांचा. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पोचायला सेकंदाचा पन्नासावा भागही लागत नाही. म्हणून मुलांना एकत्र म्हणता येतं, जणू एकच तोंड आहे. फोनवर तोच आवाज जातो, कुठल्या कुठल्या यंत्रांतून फिरतो आणि परत येतो. कधी पाव सेकंद, कधी अर्धा, आणि दर वेळी वेगळा. भाचा म्हणाला, मावशी, उशीर झाला तर माणूस सांभाळून घेतो, पण तो सारखा बदलला तर नाही सांभाळता येत. त्याने हे मला दहा मिनिटांत सांगितलं. प्रशिक्षणाच्या सहा ऑनलाइन सत्रांत एकदाही कुणी सांगितलं नव्हतं.

प्रशिक्षण म्हटल्यावर माझी एक तक्रार आहे, ती सांगून टाकते. शिक्षक शाळेत जात होते, हे तुम्हाला माहीत आहे. मुलं नाहीत पण बाईंनी जायचं. मी जायची, कुलूप काढायची, झाडायची, बसायची. पोदेर, म्हणजे पाववाला, भोंपू वाजवत जायचा आणि दारात थांबून विचारायचा, “बाई, आज पाव?” सुरुवातीला तो थट्टा करत होता. नंतर थट्टा करायचा बंद झाला. फळ्यावर १४ मार्चची तारीख मी पुसली नव्हती. का ते सांगता यायचं नाही, पण खडूने लिहिलेलं आहे तोवर ती बारा मुलं कुठेतरी त्या खोलीत आहेत, असं मला वाटायचं. पावसाळ्यात फळ्याला बुरशी आली, तरी ‘हजर १२’ दिसत होतं.

एके दिवशी वरून साहेब आले. कुठल्या कार्यालयातून ते सांगत नाही, बिचारे आता निवृत्त आहेत आणि त्यांची बहीण या गावात दिलेली आहे. त्यांना शाळेचा फोटो पाठवायचा होता, ‘शाळा सज्ज’ म्हणून. फळा बघून म्हणाले, “ही तारीख काय आहे?” मी म्हटलं, शेवटची. ते म्हणाले, “वाईट दिसतं, पुसा.” मी म्हटलं, साहेब, नवीन काय लिहू? पट लिहीन, हजर काय लिहू? ते म्हणाले, “आजची तारीख लिहा आणि एखादा सुविचार.” मी पुसलं. सुविचार लिहिला नाही. ‘हजर’ असं लिहून पुढची जागा रिकामी ठेवली. तो फोटो गेला. रिकामी जागा कुणाच्या लक्षात आली नाही.

आणि रोज संध्याकाळी फॉर्म. आज किती मुलं ऑनलाइन हजर? तेरापैकी पाच लिहिलं तर फोन यायचा, बाई, कमी का? एकदा रागाने तेरा लिहिलं. फोन आला नाही. त्यानंतर मी खरं लिहिलं की नाही, हे मी व्यासपीठावरून सांगणार नाही. (हशा)

तर फोनवर पाढा जमेना तेव्हा मी एकेकाला फोन करायला लागले. इथे मला एक गोष्ट कळली, जी तीस वर्षांत कळली नव्हती. एकेकट्याला विचारलं की निम्मी मुलं गप्प. वर्गात मोठ्याने म्हणणारीसुद्धा. खिडकीवाला तर फोनच ठेवून द्यायचा. मग आठवलं, वर्गात तो कायम एका मुलीच्या शेजारी बसायचा. ती खणखणीत. हा नुसते ओठ हलवायचा. मला वाटत होतं त्याला येतं.

आता माझं म्हणणं ऐका, मग हवं तर भांडा. पाढा एकसुरात म्हणणं ही घोकंपट्टी आहे असं आम्हाला डी.एड.ला शिकवलं. असेल. पण एकसूर हा आडोसाही आहे. ज्याला सात आठे किती ते येत नाही, तो छप्पन्नपाशी ओठ हलवतो आणि कुणाला कळत नाही. त्याला कुणी हसत नाही, तो रडत नाही, आणि रोज छप्पन्न ऐकतो. एक दिवस ओठांच्या मागून आवाज येतो. एकशिक्षकी शाळेत तर आणखी. पहिलीतलं पोर चौथीचा अकराचा पाढा ऐकत वाढतं, आपोआप, कुणी न शिकवता. फोनने हा आडोसाच काढून घेतला. तिथे प्रत्येक मूल उघड्यावर. एकटं, सगळ्यांसमोर, आणि मागे स्वयंपाकघरात आई कुजबुजतेय, “सांग ना रे!”

आई कशाला, एका घरात आजी कुजबुजत नव्हती, ओरडत होती. पोर म्हणालं, सात सक चव्वेचाळीस. आतून आवाज, “बेचाळीस रे, बेचाळीस!” मी म्हटलं, आजी, तुम्हाला पाढे येतात? म्हणाल्या, “पाढे कसले विचारता, पावकी विचारा.” पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी. मला स्वतःला अडीचकी येत नाही. तरुण मंडळी, हे अपूर्णांकांचे पाढे. व्यापाऱ्याने काजूच्या बिया साडेतेरा किलो भरल्या तर आजींचा हिशेब त्याच्या कॅल्क्युलेटरच्या आधी तयार.

आणि त्यांना वाचता येत नाही. अक्षरसुद्धा नाही. मी विचारलं, मग शिकलात कुठे? म्हणाल्या, देवळामागे. पोर्तुगीज काळात देवळाच्या सभामंडपात शेणवीमामांची, म्हणजे गावच्या गुरुजींची, शाळा भरायची, त्यात भाऊ जायचा. हिला पाठवलं नव्हतं. ही गुरं घेऊन देवळाच्या मागच्या भिंतीला टेकून बसायची. आत मुलं एकसुरात म्हणायची, बाहेर ही. पाटी नाही, नाव नाही, हजेरी नाही. भिंतीच्या पलीकडून अख्खी अडीचकी. भाऊ पुढे विसरला म्हणे.

आता सांगा, ही बाई फोनवरच्या शाळेत असती तर काय शिकली असती? भिंतीतून आवाज येतो. कानाला लावलेल्या इयरफोनमधून शेजाऱ्याला काही मिळत नाही. शाळेत नाव नसलेल्यालाही शिकता यायचं, ही शाळेची जुनी खोड होती.

त्या आजींनीच मला वाट दाखवली. म्हणाल्या, “तिन्हीसांजेला अंगणात म्हणवून घ्या की. आमच्या वेळी परवचा असायचा.” मग २०२० च्या दिवाळीनंतर आम्ही सुरू केला. घरं एका वाडीत, एकमेकांपासून पन्नास-साठ पावलांवर. दिवा लागला की प्रत्येक पोर आपापल्या अंगणात. कुणी कुणाकडे जायचं नाही, मास्कही नको. पहिल्या घरातून सुरुवात, बाकीच्यांनी उचलायचं. शेवटच्या घरापर्यंत आवाज जरा उशिरा जायचा, पण रोज तेवढाच उशिरा. भाच्याचं म्हणणं खरं ठरलं, कान त्याला सांभाळून घेतात. भजनात मागची ओळ उचलतात तसं ते व्हायचं. कुत्री भुंकायची, कुणाच्या टीव्हीवर मालिका, मध्ये आजींचं “बेचाळीस!”

कुणीतरी विचारलं होतं, शाळा अंगणात नेता येते का? अहो, गोव्याने रोगाला घाबरून राजधानी हलवलेली आहे. जुनं गोवं साथींनी ओस पडलं, १८४३ मध्ये पणजी राजधानी झाली. राजधानी हलते, पाढा हलणार नाही?

खूप चाललं असं नाही. एप्रिल २०२१ मध्ये दुसरी लाट आली. वाडीतल्या एका घरात तिघं आजारी. बाकीच्यांनी दारं लावून घेतली. मला कुणी थांबा म्हटलं नाही, एका तिन्हीसांजेला कुणी बाहेरच आलं नाही. मे महिन्यात तौक्तेचं वादळ झालं, पाच दिवस वीज नव्हती. जुलैत म्हादईला पूर आला. परवचा पुन्हा सुरू झाला नाही. आजी बऱ्या आहेत, आज येणार होत्या. पण जत्रेचं नाटक त्यांना जास्त आवडतं.

हां, चिठ्ठी आली. ‘दहा मिनिटे, विषयाकडे यावे.’ आलेच.

मधल्या काळात शाळा कधी किलकिली, कधी बंद. जानेवारी २०२२ मध्ये ओमायक्रॉनमुळे पुन्हा बंद. सगळी मुलं एका खोलीत एकत्र बसली ती २१ फेब्रुवारी २०२२ ला. तो सोमवार होता. मी घरी कॅलेंडर घेऊन मोजलं. ‘सोमवारी सातचा पाढा’ म्हटलं होतं त्या सोमवारपासून बरोबर एकशे एक आठवडे. १४ मार्चला ज्यांना सांगितलं होतं त्यातली निम्मी मोठ्या शाळेत गेलेली. समोर बारा होती, त्यातली पाच अशी की त्यांनी बाकावर बसायचं कसं तेच पाहिलं नव्हतं. दुसरीतली एक मुलगी पाढा म्हणताना सगळ्यांच्या पुढे धावत होती. तिला ‘थांब’ म्हटलं तर कळेना कशासाठी थांबायचं. तिच्या आयुष्यात पाढा ही एकट्याने म्हणायची गोष्ट होती. एका वेगात यायला मुलांना अकरा दिवस लागले. हे मी वहीत लिहून ठेवलंय.

आता दिशा आणि उपाय, भराभर.

एक. ‘निपुण भारत’ जुलै २०२१ मध्ये सुरू झालं, तिसरीपर्यंत मुलाला वाचता-मोजता यावं म्हणून. उद्देश चांगला आहे, माझं भांडण नाही. पण मोजणी कशी होते? मूल एकटं बसवून, समोर कागद ठेवून. चाचणी एकट्याची असावीच, नाहीतर खिडकीवाले सुटतात, मी स्वतः दोन वर्षं फसले. पण चाचणी एकट्याची म्हणून शिकणंही एकट्याचं, असं होऊ लागलंय. टॅबवर प्रत्येकाचं वेगळं बटण. निदान दिवसाची पंधरा मिनिटं तरी सगळ्यांनी मिळून मोठ्याने म्हणायला हवं, पाढे, कविता, काहीही. त्याची नोंद कुठल्याही फॉर्मवर नको. नोंद आली की मेलंच ते.

दोन. पट कमी म्हणून शाळा जोडून टाकतात. जोडा म्हणणाऱ्यांनी एकदा बारा मुलांच्या चार इयत्ता एका खोलीत ऐकाव्यात. माध्यमाचा वाद मी इथे काढत नाही, १९९० पासून चाललाय, जत्रेचं नाटक संपेपर्यंतही संपणार नाही.

तीन. महाराष्ट्रात २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ आलं, त्यावर केवढा गदारोळ झाला! मला वाटतं दोन्ही चालेल, पण वर्गाने मिळून जे म्हटलं ते राहतं. हा खरं तर तिसरा मुद्दा नव्हता. तिसरा होता पुढच्या साथीचा. साथ पुन्हा येईल. तेव्हा फोन वाटण्याआधी प्रत्येक वाडीचा नकाशा काढा, कुठल्या अंगणातून कुठल्या अंगणात आवाज पोचतो ते बघा. अंगणवाडी सेविकांना हे कागदाशिवाय ठाऊक असतं, त्यांना विचारा.

दुसरी चिठ्ठी. ‘आभार.’ म्हणजे बसा.

एकच, पुढच्या रांगेतून मघाशी विचारलं म्हणून. खिडकीवाल्याला शेवटी पाढा आला का? चौथीच्या परीक्षेत मी मुद्दाम सात आठे घातला होता. त्याने छप्पन्न लिहिलं होतं. त्याच्या शेजारी तीच खणखणीत मुलगी बसली होती, आणि तिचेही छप्पन्नच होते.